रेल्वेच्या विहिरीचे जलपूजन

तीर्थाला जायचे म्हटले की आम्हा खानदेशकरांची दृष्टी तापीकाठच्या प्रकाशा क्षेत्राकडे वळते. या वेळी मात्र मी चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीत बसलो, तो मधल्या एका लहानशा स्टेशनासाठी. तेथे माझी चुलत बहीण अक्का राहते. तिच्या नातीचे, अश्विनीचे, बाळंतपण झाले होते. जलपूजनावाचून बाळंतिणीने हंड्याला हात लावायचा नाही, अशी रीत. आणि पूजेच्या दुसऱ्याच दिवशी अश्विनी सुरतेला सासरी निघणार होती, म्हणून पूजा सांगायला अक्काने मला बोलावले होते.

कोणास जायचे असल्यास सकाळची गाडी धरावी. तिकीट माफक, दुतर्फा कपाशी. उपाहारगृह नाही, पण ओळख असल्यास ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि भरीत मिळते.

वाफेच्या इंजिनांना वाटेत पाणी लागे, म्हणून रेल्वेने येथे नाल्याकाठी खोल विहीर खोदली आणि उंचावर टाकी बांधली. उरलेले पाणी गावाला मिळू लागले. इंजिने केव्हाच गेली. गावाचे नळ अजून त्याच विहिरीवर चालतात.

आम्ही पूजेचे ताट घेऊन पोहोचलो, तो विहिरीभोवती नवे कुंपण आणि कुलूप!

"मनी सासूनी, मी, बठ्ठास्नी आठेच पूजा करी. कुलूप कसाले?" अक्का कडाडली. घरातल्या सगळ्याजणींची पूजा याच विहिरीवर झाली होती.

"कोणी पडू नये म्हणून, अक्का. किल्ली धुळ्याला आहे," स्टेशनमास्तर म्हणाले.

घरच्या नळाशीच पूजा करू, पाणी याच विहिरीचे, शास्त्रास ते मान्य आहे, असे मी सुचवले.

"भाऊ, तुमनं शास्त्र मानस, मनं मन नही मानत."

तेव्हा मास्तरांनी फलाटाच्या टोकाचा लोखंडी खांब दाखवला. यातूनच इंजिनात पाणी सोडीत. खालच्या तोटीला अजून थेट विहिरीचे पाणी येते. अक्काने ओंजळभर पिऊन पाहिले आणि खांबाला कुंकू लावले.

मी गंगा, यमुना, तापी, गिरणा यांचे आवाहन केले.

"रेल्वेनं नाव बी ल्या ना, भाऊ! पानी त्यासनीच आणं."

"मग दक्षिणाही रेल्वेलाच द्या!" मास्तर हसले.

मी मात्र थबकलो. विहीर खोदणे हा पूर्तधर्म, म्हणजे लोकोपयोगी पुण्यकर्म, हे खरे. पण तो संकल्पपूर्वक करावा लागतो. खोदणाऱ्यांच्या मनात इंजिने होती, हे गाव नव्हते. तरीही पिणाऱ्याने त्यांचा हेतू का तपासावा? हे जल येथे आणणाऱ्या सर्वांना मी संस्कृतातून वंदन केले. अश्विनीने हंडा भरला, कडेवर घेतला आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

घरी परतल्यावर त्या पाण्याची बाटली मी सूनबाईंच्या हाती दिली.

"आबा, देवघरात ठेवू की फ्रीजमध्ये?"

"देवघरात ठेव," मी म्हणालो, "आणि कोणी तहानलेला आला, तर त्याला दे."