शोकेसमधला कॅमेरा

शेवंतीचा वास आला की अजूनही मला मेन रोडवरचं ते कॅमेऱ्याचं दुकान आठवतं. फुलबाजारात शेवंती विकून अण्णा, म्हणजे माझे वडील, थेट तिथे आले होते. सदऱ्याला तोच वास होता. मला पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायचा होता आणि दोन मॉडेलांत माझं काही ठरत नव्हतं.

"उरक बाई लवकर. अकराला लाईट येईल, मोटर लावायचीय," अण्णा सारखे घड्याळ बघत होते.

"यांचाच फोटो काढून बघा," दुकानदार म्हणाला.

मी शोकेसमधल्या कॅमेऱ्यानं अण्णांचा फोटो काढला. नेहमीसारखा ताठ आला. पण स्क्रीनवर लगेच स्वतःला बघून ते खुदकन हसले आणि तेवढ्यात मी पुन्हा बटण दाबलं.

"हाच द्या," मी म्हटलं, "पण शोकेसमधला नको, पेटीपॅक द्या."

पुढे त्या नव्या कॅमेऱ्यात अण्णा कायम ताठच आले. ते गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधत बसले, तेव्हा लक्षात आलं. हसणारे अण्णा मी माझ्या हातानं दुकानदाराला परत दिले होते.