अक्षर उमटेपर्यंत

अमरावतीहून अकोल्याला रोजचं अप-डाऊन करणाऱ्या माणसाने रविवारी झोपावं. मी मात्र ऑपरेटिंग सिस्टीम कंपाइल करत बसलो होतो.

घराच्या पुढच्या खोलीत बायकोचा टायपिंगचा क्लास. कॉम्प्युटर सगळे जुने, आपल्या लायकीपेक्षा जास्त जगलेले. बटण दाबलं की अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागे, आणि न थांबता टाइप केलं तर जोडाक्षरं फुटत. त्यांच्यातल्याच एकावर माझी भाची शिकत होती. टायपिंगच्या परीक्षेसाठी ती हिवरखेडहून आमच्याकडे राहायला आली होती. पास झाली तर क्लार्कच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. नाही झाली तर गावी परत आणि लग्न, असं ताईने, म्हणजे तिच्या आईने, आधीच बजावून ठेवलं होतं.

अशात ऑफिसात नव्या कंपायलरचा बोलबाला सुरू झाला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. नवा हे काम जास्त हुशारीने करतो. त्याच्याकडून सगळी सिस्टीम पुन्हा बनवून घेतली की तीच जुनी मशीन जोरात पळेल, असं जो तो सांगत होता. फुकटचा वेग! मी भुललो.

त्या नादात कितीतरी रविवार गेले. पंखा घरघरत राही, मध्येच कुठेतरी चूक निघे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बायको चहाचा कप आदळून म्हणे, "तुमची मशीन जेवाले बसली काय? उठूनच नाही राहिली!"

एकदाचं ते झालं. मी भाचीला मशीनवर बसवलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो.

"मामा, फरक तं काही वाटून नाही राहिला."

मी चिडलो. मोजून पाहिलं तेव्हा गोम कळली. आकडेमोडीत मशीन खरंच जराशी चपळ झाली होती. पण तिचा वेळ आकडेमोडीत जातच नव्हता. मेमरी अपुरी, म्हणून ती सारखी रडक्या हार्ड डिस्ककडून काहीतरी मागवी आणि ते येईपर्यंत नुसती बसून राही. नव्या कंपायलरने तिला काम भरभर करायला शिकवलं होतं, वाट भरभर पाहायला नाही. त्या मशीनला बसेल अशी मेमरी अकोल्याच्या बाजारातही मिळाली नाही. मग मीही नाद सोडला. खरं सांगायचं तर अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"राहू द्या मामा," भाची म्हणाली. "मले सवय झाली आता. एक शब्द मारते, जराशी थांबते, तो आला की पुढचा मारते."

आम्हाला त्यात तिचा समजूतदारपणाच दिसला. बायकोने तर बाकीच्या पोरींना तिचं उदाहरण दिलं.

परीक्षा दुसऱ्या एका केंद्रावर होती, कोऱ्या करकरीत मशीनवर. भाची बाहेर आली ती चेहरा पाडूनच. उतारा अर्धाही झाला नव्हता.

"काहून वं? मशीन बिघडली काय?" बायकोने विचारलं.

"नाही मामी. अक्षर तं बोट उचलाच्या आधीच येऊन राहिलं होतं. मीच थांबून राहिली होती."

ताईने निकालाचीही वाट पाहिली नाही. "आणून सोड तिले," एवढंच फोनवर म्हणाली. मी रजा टाकली. अकोल्याच्या स्टँडवर गाडी बदलून आम्ही हिवरखेडच्या बसमध्ये बसलो.

बाजूला ती आईला मेसेज लिहीत होती. मोबाईलवर बोट लागताच अक्षर उमटत होतं. तिने 'आई' लिहिलं आणि अंगठा थांबला. 'मी' लिहिलं, थांबला. 'येऊन' लिहून तो पुन्हा थांबला, आणि मला ते बघवेना.