शेवटच्या पंगतीतली जागा

आण्णा रिकाम्या मांडवात माणसांशी बोलत. लग्नाच्या सकाळी कापड बांधून झालेलं असे, बसायच्या पट्ट्या अंथरलेल्या असत, पाहुणा मात्र एकही आलेला नसे. तेव्हा ते दोन रांगांमधून सावकाश चालत आणि मोकळ्या पट्टीकडे बघून म्हणत, "पावणं, जरा सरका. हां. मामा, तुमी खांबाच्या अंगाला या." पिवळ्या कापडातून गाळलेलं ऊन त्यांच्या पांढऱ्या टोपीवर पडे. लहानपणी मला वाटायचं, त्यांना खरंच माणसं दिसतात. आता वाटतं, दिसतच असावीत.

पेठच्या आसपासच्या आमच्या वस्त्यांवर सगळे त्यांना पंगतीचे आण्णा म्हणत. आचारी कोण हे नंतर ठरे. कोण कुठे बसणार हे विचारायला माणसं आधी आण्णांकडे जात. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. तरुणपणी त्यांनी ती कोकणापर्यंत हिंडवली होती. ते म्हणत, "संध्याकाळी जाळीत मेंढरं घालताना बघावं लागतं, कोण कुणाला ढुशी देतंय. माणसाचं तेच. फरक येवढाच, मेंढराचा राग सकाळपातूर जातो."

त्यांची पद्धत साधी होती. जिथे शंका असेल त्या जागेवर ते स्वतः मांडी घालून बसत आणि समोर बघत. एका लग्नात त्यांनी नवऱ्याच्या मावशीची जागा तीनदा बदलली. मी कारण विचारलं, तर मला त्या जागेवर बसवलं आणि म्हणाले, "काय दिसतंय?" झाडांमधून एका घराचे पत्रे दिसत होते. मावशीच्या मुलीची सोयरीक त्याच घरातून मोडली होती. "घास गिळंल का तिच्यानं?" एवढंच बोलून ते उठले.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरात मंचरच्या कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लग्न सकाळी देवळात आणि जेवण आमच्याच खळ्यावर, दीडशे माणसांचं, असं साधं ठरलं. मला काळजी एकाच गोष्टीची होती. माझे थोरले चुलते, आप्पा, आणि माझे वडील चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं होतं. त्याआधी दहावीच्या परीक्षेला याच आप्पांनी मला रोज मोटरसायकलवरून मंचरला नेलं होतं आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिले होते. मी पदवीचा पेढा घेऊन गेले, तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, खाल्ला नाही. पण दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. आता त्यांचा निरोप आला होता, "अक्षता टाकीन. त्यांच्या घरचं पाणी पिणार न्हाई." लग्नघरातून सख्खा चुलता उपाशी गेला, तर ती तुटलेली नाती पुन्हा जोडली जाणार नव्हती.

मी वहीच्या कागदावर पंगती आखल्या. आप्पांना पहिल्या पंगतीत, व्याह्यांच्या शेजारी, मानाची जागा दिली. कागद घेऊन आण्णांकडे गेले. त्यांनी तो लांब धरून वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"शिकलीस लई," ते म्हणाले. "पहिल्या पंगतीला कोण बसतं?"

"पाहुणे."

"मंग चुलत्याला पावणा केलास व्हय?"

 मी ज्याला मान समजत होते, ते आप्पांना घराबाहेर काढणं होतं.

"नाव खोड त्याचं. कुठंच लिहू नको."

"आण्णा, ते निघून जातील."

"जाईल किंवा थांबंल. घरचा माणूस आसंल तर थांबंल."

लग्नाच्या दुपारी मी नवऱ्याशेजारी पाटावर बसले होते. पुढ्यात मासवडी, बुंदी, सगळं होतं; माझं लक्ष मांडवाच्या कडेच्या खांबाकडे होतं. आप्पा तिथे उभे होते. पहिली पंगत बसली, त्यांना कोणी हाक मारली नाही. दुसरी बसली. त्यांनी खांद्यावरचं उपरणं एकदा झटकलं, चपलांकडे बघितलं. त्या वेळचं ऊन, वाफा, बायकांचे आवाज, सगळं मला पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. मग आण्णा त्यांच्याजवळ गेले आणि पाण्याचा जग त्यांच्या हातात दिला.

"आप्पा, तिकडली रांग तहानली राव. पोरं ऐकत न्हाईत माझं."

आप्पांनी जग दोन्ही हातांत धरला. मग वाकले आणि पाणी वाढू लागले. एक रांग, दुसरी रांग, मग तिसरी पंगत. वडील बुंदी घेऊन आग्रह करत होते. दोघे त्याच दोन रांगांमधून फिरत होते, एक इकडून, एक तिकडून. मध्यावर गाठ पडली की एकजण बाजूला सरे.

शेवटी घरची माणसं बसली. आण्णांनी दोघांना समोरासमोर बसवलं नाही, शेजारी बसवलं. ते नेहमी सांगत, "समोर बसलं की डोळं भिडत्यात. शेजारी बसलं की मीठ मागाया लागतं." त्या दोघांसमोर त्यांनी मला आणून बसवलं आणि दोघांच्या मध्ये पाण्याचा एकच तांब्या.

बराच वेळ कोणीच तांब्याला हात लावला नाही. आप्पांनी आमटीत भाकरी कुस्करली, एक घास खाल्ला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "मीठ कमी हाय."

वडीलही माझ्याकडेच बघत होते. "हाय कमी," ते म्हणाले. त्यांनी मीठ सरकवलं, तांब्या उचलला आणि आधी आप्पांच्या पेल्यात पाणी ओतलं. आप्पा ते प्याले. कोपऱ्यात आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्वतःसाठी पत्रावळ मागितली.

पुढे हायवेवर मंगल कार्यालयं झाली, उभ्याने जेवणं आली. एका लग्नात आण्णा ताट धरून खुर्चीवर बसलेले दिसले. मी विचारलं, जेवण कसं आहे. म्हणाले, "जेवण चांगलं हाय. शेजारी कोणच न्हाई."

यंदा माघात ते गेले. तेराव्याला मी ओतूरहून एस.टी.ने गेले. सासरी गेलेली मुलगी, त्यात त्यांच्या नात्यातलीही नाही, म्हणजे मी पाहुणीच. पहिल्या पंगतीत जागा धरावी म्हणून पट्टीकडे निघाले, तर त्यांच्या सुनेने मला दंडाला धरून थांबवलं.

"ताई, तुमी आता न्हाई बसायचं."

मला वाटलं, माझं काही चुकलं.

"आण्णांनी सांगून ठिवलंय," ती म्हणाली आणि पाण्याचा जग माझ्या हातात दिला. "तुमी आमच्यासंगं. शेवटच्या पंगतीला."