तीन फेऱ्यांचा गडी

बेनौदाचं वजन साठ किलो. त्यातलं निम्मं हाडाचं नि निम्मं हट्टाचं, असं त्याची आई खैरा चारचौघींत सांगायची. ओरान बंदराच्या वरच्या अंगाला, सीदी लहौवारी मोहल्ल्याच्या उतारावर त्यांचं घर. पहाटेपासून दुपारपर्यंत गडी पावाच्या भट्टीवर कणीक तिंबायचा आणि दुपारनंतर कद्दूरकाकाच्या मुष्टियुद्धाच्या तालमीत वाळूचं पोतं बडवायचा. बाराव्या वर्षी तालमीत शिरला, तो सत्ताविशीपर्यंत हौशी गटात चौसष्ट लढती खेळला. एक्कावन्न जिंकल्या. देशाच्या स्पर्धेत दोनदा दुसरा आला. घरात पदकं इतकी झाली की खैरा त्यांच्या फितींना लाल मिरच्यांच्या माळा अडकवून वाळवायची.

हौशी लढत तीन फेऱ्यांची. कद्दूरकाकानं पंधरा वर्षं एकच शिकवलं होतं : पहिल्या फेरीत माणूस बघायचा, दुसरीत धरायचा, तिसरीत अंगात असेल-नसेल ते ओतून रिकामं व्हायचं.

खैरा लढत कधी बघायची नाही. पोटच्या पोराला मार खाताना काय बघायचं? ती गल्लीतल्या बायकांना घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसायची. भाजलेले हरभरे खात घंटा मोजायची. तिसरी फेरी संपल्याची घंटा झाली की जीभ टाळूला नाचवून लग्नघरासारखी लांब ललकारी सोडायची. मागोमाग सगळ्या बायका. पोरगा जिंकला का हरला, ते मागनं कळायचं.

"मावशे, हरला असला तर गं?" कुणीतरी विचारायचं.

"हरला तरी घरी येतोयच की! त्याची ललकारी."

मग एक दिवस लढती भरवणारा मन्सूरशेठ भट्टीवर आला. गरम पाव मोडत म्हणाला, "हौशी गड्याचं बनियन काढ नि पैशासाठी खेळ. सहा फेऱ्या, कॉन्स्टंटाइन शहरच्या अम्मारबरोबर. जिंकलास तर वर्षाचा करार. हरलास तर तू नि तुझी भट्टी. सत्ताविशीच्या गड्याला दुसऱ्यांदा कोण विचारतंय?"

दोन महिने कद्दूरकाकानं त्याला सहा फेऱ्या घोटवल्या. खैराला मात्र सहा फेऱ्यांचं कुणीच सांगितलं नाही. काकाला वाटलं पोरगा सांगेल, पोराला वाटलं काका सांगेल.

शुक्रवारची नमाज नि कुसकुसचं जेवण उरकून सगळी गल्ली मैदानाकडं लोटली. भट्टीच्या मालकानं ढोल-सनईवालेही आणले होते. त्यांना बायकांजवळ पायऱ्यांवरच बसवलं.

बेनौदा उघड्या अंगानं रिंगमध्ये उतरला आणि अम्मारला त्यानं पहिल्या फेरीपासून गिरक्या घ्यायला लावल्या. दुसरीही त्याचीच. तिसऱ्या फेरीत लोक उठून उभे राहिले आणि गड्याच्या अंगात जुनी सवय संचारली. डावा, उजवा, डावा, हात थांबेनात. कोपऱ्यातून काका घसा फोडून ओरडत होता, "हळू! आरं राखून ठेव!" पण ऐकतंय कोण?

तिसरी फेरी संपली. घंटा झाली. बाहेर खैरानं ललकारी सोडली, बायकांनी उचलली, ढोल कडाडला. आत गल्लीवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि बेनौदा? त्यानं दोन्ही हात वर केले, रिंगभर फिरला, अम्मारला मिठी मारून त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

अम्मार म्हणाला, "भावा, लग्न लागलं का आपलं? अजून तीन फेऱ्या हायेत."

पंच तोंड फिरवून हसू लागला. बेनौदा कोपऱ्यात गेला. काकानं त्याच्या डोक्यावर बादलीच रिकामी केली. "गाढवा! निम्म्यावर वरात काढलीस!"

"काका, पायात काय उरलं नाय."

"मग हातावर चाल!"

चौथ्या फेरीत अम्मारचा उजवा हनुवटीवर बसला आणि बेनौदा बुडावर आपटला. सात मोजेपर्यंत उठला खरा, पण फेरी गेली, वर पडल्याचा जादा गुणही गेला. पाचवी त्यानं दोरांना टेकून कशीबशी काढली, तीही अम्मारलाच गेली. आता दोघं बरोबरीत होते.

तेवढ्यात दारात गलका झाला. तिसरीनंतरही घंटा वाजतच राहिली तेव्हा लढत संपलेली नाही हे कळून खैरा द्वारपालाला कोपरानं बाजूला सारत थेट रिंगपाशी आली. तिच्यामागं बायकांची रांग.

"यम्मा, तू कशाला आलीस?"

"तुझी सवड बघून येऊ? काय रे, दमलास?"

"लई."

"मग दमलेल्यावाणी खेळ की! पाय नाचवतोस कशाला? एका जागी उभा ऱ्हा नि पोटात घाल. त्यो बी काय लोखंडाचा नाय, तोंड उघडं पडलंय त्याचं."

कद्दूरकाका म्हणाला, "बाई, हितं उस्ताद मी हाय."

"मग तीन फेऱ्या काय करत होता?"

काकानं बादली उचलून तिला जागा करून दिली.

सहाव्या फेरीत बेनौदा रिंगच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला. अम्मार आत आला की आखूड, जड ठोसा, बरगडीखाली. पुन्हा आला, पुन्हा तिथंच. दिखाऊ काही नाही. शेवटच्या मिनिटाला अम्मारचे हात खाली आले आणि तो नुसता मागं मागं सरकू लागला.

तिन्ही परीक्षकांनी एका गुणानं लढत बेनौदाला दिली.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, काकालाही घेतलं, आणि ओळख नसलेल्या एका पोलिसालाही घेतलं. मन्सूरशेठ कागद घेऊन आला. बेनौदाच्या बोटांनी पेन धरवेना, तेव्हा खैरानं त्याचं मनगट धरलं आणि सही उमटली.

"पुढची लढत आठ फेऱ्यांची," मन्सूरशेठ म्हणाला.

"मला आतली खुर्ची लागंल," खैरा म्हणाली. "पाठीची. आणि ह्या बायकांनाबी."

शेठनं वळून बघितलं. बायका एकोणीस होत्या. त्यानं पेन परत मागितलं आणि कराराच्या तळाशी एक ओळ वाढवली.