शेवटपर्यंत वाचणारी

ज्योत्स्ना पावरा आमच्या दुकानाची पायरी चढली तेव्हा मी तिला धड बसायलाही सांगितलं नाही. मी बोलावलं होतं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तोतारामला, आणि त्याने पाठवलं हिला. एवढ्यानेच माझं डोकं फिरलं. आधीच जळगावचं सरत्या चैत्रातलं ऊन, त्यात आमचं दुकान मोटारपंपाच्या सुट्या भागांचं आणि आमच्याच कूलरची मोटर घरघर करत होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बारीक अंगाची मुलगी, खांद्याला कापडी पिशवी. "तोतारामभाऊ चोपड्याला गेलेत," ती म्हणाली. "कोणता कॉम्प्युटर?"

आज ती आली की मी गल्ल्यावरून उठून उभा राहतो. शेजारचे दुकानदार हसतात, हसोत बापडे. त्या दिवशी मी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

माझे वडील झुंबरलाल, वय एकोणऐंशी. बाजारात त्यांना पंपवाले म्हणून थोडे आणि रक्तवाले म्हणून जास्त लोक ओळखतात. माझ्या जन्माच्या वेळी धुळ्यात आईला रक्त लागलं आणि नशिराबादच्या एका अनोळखी ट्रक ड्रायव्हरने ते दिलं. तेव्हापासून बाबूजी रक्त देणाऱ्यांची नावं लिहू लागले. चाळीस-बेचाळीस वर्षांत अकरा वह्या भरल्या. कुठूनही फोन आला की वही न उघडता नाव सांगायचे. त्याचा गट कोणता, शेवटचं रक्त कधी दिलं, आज त्याचा उपास तर नाही, मोटारसायकलने येईल की बसने, सगळं तोंडपाठ. मला माझ्या मेव्हण्यांचे वाढदिवस आठवत नाहीत.

यंदा फाल्गुनात ते चुकले. धुळ्याहून बी निगेटिव्हसाठी फोन आला आणि त्यांनी असोद्याच्या अभिमनला पाठवलं. अभिमन बी पॉझिटिव्ह. दवाखान्यात तपासताच ते कळलं, रक्त दुसरीकडून मिळालं, पेशंटही वाचला. पण तीन तास वाया गेले. घरात आम्ही मारवाडी बोलतो. बाबूजी मनातून दुखावले की मात्र खान्देशीत जातात. त्या संध्याकाळी म्हणाले, "माले मनाच भरोसा नही ऱ्हायना. आखाजीले हाऊ फोन बंद."

माझाच मला भरवसा राहिला नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हा फोन बंद, एवढं बोलून ते मोकळे झाले, पण दुसऱ्या दिवसापासून फोन वाजला की ते त्याच्याकडे नुसतं बघत बसायचे. मला ते बघवत नव्हतं. माझी मुलगी प्रियल पुण्याला कॉम्प्युटर शिकते. तिने सुट्टीत येऊन अकराही वह्या उतरवून घेतल्या आणि एक प्रोग्राम बनवून पाठवला. गट टाका, गाव टाका, नावं समोर. आठवणीवर भार नाही. फक्त त्यासाठी आपल्या कॉम्प्युटरवर आधी डेटाबेस सर्व्हर बसवायचा. मला वाटलं सर्व्हर म्हणजे आणखी एखादं कपाटाएवढं यंत्र घ्यावं लागणार. तसं नाही. तो आपल्याच कॉम्प्युटरमध्ये बसणारा कोठीवाला. सगळा माल त्याच्या ताब्यात, मागाल ते काढून देणार. नवा कॉम्प्युटर आणला, आणि कोठीवाला काही आत यायला तयार होईना.

अर्ध्यापर्यंत हिरवी पट्टी सरकायची आणि मग लाल फुली. इन्स्टॉलेशन फेल. प्रियलची परीक्षा सुरू होती, ती फोनवर म्हणाली, "माझ्या लॅपटॉपवर चालतंय पप्पा, तिथलं सगळं काढून परत टाका." मी पाच वेळा परत टाकलं. मग तोताराम आला, त्याने कॉम्प्युटर फॉरमॅट केला म्हणजे आतलं सगळं पुसून कोरा केला. पुन्हा लाल फुली. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तेच. तोताराम म्हणाला, मशिनच बदला. आखाजी तीन दिवसांवर आली होती आणि बाबूजींनी फोन कंपनीला द्यायचा अर्ज लिहून टेबलावर पेपरवेटखाली ठेवला होता.

अशा वेळी ही आली. मी म्हटलं, कर बाई फॉरमॅट, तूही हात धुऊन घे.

तिने फॉरमॅट केलं नाही. माउसला हात लावला तोही चार-पाच वेळाच. सर्व्हर बसवताना काय काय घडलं याची नोंद कॉम्प्युटर स्वतःच कुठेतरी ठेवत असतो, हे मला तेव्हा कळलं. ती नोंद तिने उघडली. बारीक इंग्रजी अक्षरं, एकाखाली एक, साडेचार हजार ओळी. तिने स्टूल ओढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

सुरुवातीला मला वाटलं, शोधतेय काहीतरी. पण ती शोधत नव्हती, वाचत होती. ओठ हलत होते. अकरा वाजता सुरू केलं, बारा वाजले. गिऱ्हाईकं आली, गेली. मध्ये एकदा तिने वहीत काहीतरी लिहिलं, कॉम्प्युटरमध्ये एक जागा तपासली, मान हलवली आणि लिहिलेलं खोडलं. "काय झालं?" मी विचारलं. "वाटलं होतं की सर्व्हरची जागा दुसऱ्या प्रोग्रामने अडवली. नाही अडवली," म्हणाली आणि पुन्हा जिथे सोडलं त्याच ओळीवर बोट. साडेबाराला माझा धीर सुटला.

"अगं, लाल ओळ तर शेवटी आहे. तीच वाच ना. मधलं कशाला?"

"लाल ओळ फक्त सांगते की मेला," ती म्हणाली. "कशाने मेला ते वर असतं."

आईने आतून ताक पाठवलं. ताक पिताना मी जरा नरम पडलो आणि विचारलं, एवढं वाचायचं कुठे शिकलीस? वाटलं, एखाद्या कॉलेजचं नाव सांगेल.

तिचं गाव सागपाडा, शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. चाळीस घरं. ती चौथीत गेली तेव्हा पाड्यावर मराठी कागद वाचू शकणारी ती एकटी. रेशनचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचं पत्र, सगळं तिच्याकडे. लोक मजुरीवरून आले की ओट्यावर बसायचे आणि ही दिव्याखाली वाचून दाखवायची. एकदा शेजारचे रुपसिंगकाका वनजमिनीच्या दाव्याचा कागद घेऊन आले. तिने समोरची बाजू खडाखडा वाचली. दावा कचेरीत पोचला, चौकशी होईल, असं काहीतरी. काका खूश होऊन गेले.

"सुनावणीची तारीख मागच्या बाजूला होती," ज्योत्स्ना म्हणाली. "मी कागद उलटलाच नाही. खेळायला जायचं होतं मला. काका तारखेला गेले नाहीत आणि दावा फेटाळला गेला. पुन्हा दाखल करून मंजूर व्हायला नऊ वर्षं लागली."

"मग रागावले असतील."

"नाही ना. पुढचा कागद आला तर पुन्हा माझ्याकडेच घेऊन आले. म्हणाले, वाच बेटा." तिने ग्लास खाली ठेवला. "तेव्हापासून मी शेवटपर्यंत वाचते."

मी स्वतः बी.कॉम. आहे आणि विम्याचा एकही कागद मी आजवर उलटून पाहिलेला नाही. माझ्याकडे कोणी असा विश्वासाने दुसरा कागद घेऊन आला असता का, असं मनात आलं आणि लाज वाटली.

दीड वाजता तिचं बोट थांबलं. दोन हजार नऊशे आणि काहीतरी अशी ती ओळ होती. एका फोल्डरचा पत्ता होता आणि पत्त्याच्या मधोमध चार प्रश्नचिन्हं. मी ती आधी पाहिली असती तरी मला वाटलं असतं, कॉम्प्युटरलाही प्रश्न पडलाय. तिने मात्र वहीत चार प्रश्नचिन्हं लिहिली आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, हा कॉम्प्युटर आणला त्या दिवशी काय काय केलं? सगळं सांगा, मधलं सोडू नका."

मी चिडून म्हणालो, "काय करणार? पूजा केली."

"कशी?"

आता पूजा कशी केली हे हिला सांगायचं. पण तिचा चेहरा असा होता की मी सांगितलं. खोक्यातून काढला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मग सुरू केला. त्याने पहिल्याच पडद्यावर विचारलं, हा कॉम्प्युटर कोण वापरणार, नाव टाका. आमच्याकडे कोरी वही असो की कोरी पाटी, पहिलं अक्षर 'श्री' असतं. बाबूजी म्हणाले, कोऱ्या यंत्रातही तेच. म्हणून मी देवनागरीत 'श्री' टाकलं.

"आणि तोतारामभाऊंनी फॉरमॅट केल्यावर?"

"पुन्हा कोरा झाला ना. पुन्हा श्री."

"दुसऱ्या फॉरमॅटनंतर?"

"त्या वेळी तर नारळही पुन्हा फोडला," मी म्हणालो, आणि बोलता बोलता मलाच उमगलं. डॉक्टर औषध देत होता आणि आम्ही दर वेळी मोठ्या भक्तिभावाने रोग परत आत घालत होतो.

तिने समजावून सांगितलं. वापरणाऱ्याचं जे नाव, त्याच नावाचा फोल्डर कॉम्प्युटर बनवतो. सर्व्हर बसताना आपलं सामान आधी त्या फोल्डरमध्ये उतरवतो. पण त्याला बसवणारा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा, त्याला फक्त इंग्रजी अक्षरं कळतात. आपल्याला श्री एक अक्षर दिसतं. कॉम्प्युटर ते चार तुकडे करून ठेवतो, श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. प्रोग्रामला एकही तुकडा ओळखता आला नाही, म्हणून चार प्रश्नचिन्हं. असा फोल्डर सापडेना, सामान उतरेना, मग लाल फुली.

साडेचार हजार ओळींतली चार चिन्हं, आणि त्यांतून हिने आमचा देव्हारा, नारळ, बाबूजींचा आग्रह इथपर्यंतची वाट काढली होती. ना घरात पाऊल टाकलं, ना देव्हारा पाहिला.

बाबूजी केव्हाचे मागे येऊन उभे होते. त्यांनी एवढंच ऐकलं की श्रीमुळे अडलंय. म्हणाले, "श्री पुसानं नही. फोन बंद पडना तरी चाली."

मी कपाळाला हात लावला. झालं, म्हटलं, आता गणपतीची समजूत घाला. पण ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली, "आबा, श्री कशाले पुसू? सामान उतराडाले दुसरी जागा देऊत."

तिने इंग्रजी नावाचा एक साधा फोल्डर बनवला आणि कॉम्प्युटरला सांगितलं की यापुढे तात्पुरतं सामान इथे उतरवायचं. आमच्या शेवटच्या फसलेल्या प्रयत्नाचे उरलेले अर्धेमुर्धे अवशेष एकेक करून काढले. मग सर्व्हर बसवायला घेतला. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पट्टी टोकाला पोचली होती आणि श्री जिथल्या तिथे होता.

बाबूजी खुर्चीवर बसले. प्रियलचा प्रोग्राम उघडला, दोन हजार एकशे चाळीस नावं. ज्योत्स्नाने असोदा टाकलं, बी निगेटिव्ह टाकलं. दोन नावं आली, त्यांत अभिमन नव्हता. बाबूजींनी पडद्याला नाक लावून दोन्ही नावं वाचली आणि हलकेच म्हणाले, "बठ्ठं शे आठे." सगळं होतं तिथे. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

ज्योत्स्ना नीट चालतंय का ते तपासत होती. नशिराबाद टाकलं, नावं आली. शिरपूर टाकलं, एकेचाळीस आली. मग तिने सागपाडा टाकलं. शून्य. शेजारच्या पाड्याचं नाव टाकलं, शून्य. आणखी चार पाडे टाकले. शून्य, शून्य, शून्य, शून्य. ती पुढे वाकली आणि पुन्हा नोंद उघडायला लागली.

"बिघाड नाही, ताई," मी म्हणालो. "तिकडची नावंच नाहीत आमच्याकडे."

तिने हात मागे घेतला. "अच्छा," म्हणाली. मग वहीतलं वाचून दाखवावं अशा आवाजात बोलली, "माझी मोठी बहीण होती, रुपली. बाळंतपणात शिरपूरला आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्त आणा. आम्हाला माहीत नव्हतं कोणाला विचारायचं."

"कधी?" बाबूजींनी विचारलं.

"सात वर्षं झाली."

बाबूजींनी पडद्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तेव्हा माझ्या वहीत अठराशे नावं होती." हे ते मराठीत बोलले, तिच्याशी बोलावं तसं नव्हे, हिशेब देणारा माणूस बोलतो तसं. त्या वह्यांचा मला लहानपणापासून अभिमान. त्या क्षणी तो कुठे ठेवावा ते कळेना.

त्यांनी तिच्याकडून तिच्या वडिलांचा नंबर मागून घेतला. फाल्गुनापासून ज्या फोनला हात लावला नव्हता तो उचलला आणि स्वतः एकेक आकडा दाबला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"सुकलालभाऊ का? मी जयगावतून झुंबरलाल बोलस. तुमनी ज्योत्स्ना आठेच शे, मजामा शे. तुमना गावमा रगत देनारा कोनी भेटतीन का, ते इचारानं व्हतं."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता, माणूस शेतात असावा. मुलीबद्दल त्याने विचारलं नाही, तू कोण तेही विचारलं नाही. आधी कोणाला तरी हाक मारून बैल धरायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग घाईघाईने तो म्हणाला, "रगत कोणले लागस? मी आते निंघू का?"

मी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि सागपाड्यापुढे त्याचं नाव टाकलं.