सांडव्यातला देव

आधी त्या मावशींचे उपकार सांगतो. करमाडजवळ एका खासगी मातीच्या धरणाखाली त्यांची वस्ती आहे. त्या नसत्या तर मी त्या दिवशी पंचनामा करून परत आलो असतो, आणि पुढं काय झालं असतं या विचारानं निवृत्तीनंतरही झोप उडते.

मी कोकणातला. नववीत शाळा सुटली, भरती होऊन इकडं आलो आणि सहायक फौजदार म्हणून इथंच निवृत्त झालो.

परतीचा पाऊस लागून होता. धरणाचे मालक ठाण्यात आले. "जमादार, सांडव्यातला देव चोरीला गेला. आजोबांच्या काळापासूनचा हाय. गुन्हा दाखल करा."

त्याच आठवड्यात वस्तीवरची माणसं ओरडून गेली होती की सांडवा बुजवलाय, जादा पाण्याला वाट नाही, बांध फुटेल. एक कार्यालय म्हणालं, धरण खासगी, आमच्याकडं येत नाही. दुसऱ्यानं अर्ज पहिल्याकडंच पाठवला. ठाण्यानं सांगितलं, यात गुन्हा नाही. देव गेला म्हटल्यावर मात्र गाडी लगेच निघाली.

वाटेत चहावाल्यानं खबर दिली, देव मावशींनी उचललाय. मालकांना घेऊन थेट त्यांच्या दारात गेलो.

"देव कुणी नेला?"

"म्या नेला. वर लिंबाखाली बसवलाय, नारळबी फोडला."

"कशासाठी?"

"तो तिथं बसलाय तवर सांडव्याला कुणी कुदळ लावंना, साहेब. माझा लेकबी हात जोडून माघारी आला. मग देवालाच डोक्यावर घेतलं."

मालक तापले. "देवाला विचारलं व्हतं का?"

"तुमी बसवताना विचारलं व्हतं का, मालक?"

सांडव्यात जाऊन पंचांसमोर देवाच्या जागेवरची माती काढली. खाली मुरूम भरलेल्या सिमेंटच्या प्लास्टिक गोण्या, थरावर थर.

"मालक, आजोबांच्या देवाखाली ह्या गोण्या कुणी घातल्या?"

ते म्हणाले, "उन्हाळ्यात मोसंबीला पाणी पुरत नाय, म्हणून जादा पाणी अडवलं. देव ठेवला की गोण्यांना कुणी हात लावत नाय."

मावशींनी मला बांधाच्या पायथ्याशी नेलं. "काल हे पाझरणारं पाणी नितळ व्हतं. आज बघा."

पाणी गढूळ होतं. बांध आतून माती सोडत होता. तहसीलला फोन लावला. उत्तर आलं, लेखी पाठवा. मी मालकांना तिथंच, वस्तीच्या छपरांकडं तोंड करून उभं केलं. "बांध गेला तर पहिला आरोपी कोण, सांगू?"

जेसीबी त्यांनीच बोलावला. गोण्या निघाल्या, पाणी सांडव्यातून बाजूच्या नाल्याला लागलं. संध्याकाळपर्यंत पातळी उतरली, पाझर मंदावला. मालक जाताना म्हणाले, "माझी मोसंबी वाळली तर जमादार जबाबदार."

एवढं शिकलो, की फिर्यादीत जे लिहिलंय त्याच्या खाली काय दडवलंय, ते आधी उकरून बघावं. ते धरण तपासायचं कुणी, हे मात्र मला अजून कुणीही सांगितलेलं नाही.

देव लिंबाखाली उघड्यावरच आहे. मावशी, गावाकडून जांभा दगड घेऊन येईन आणि त्याला माझ्या हातानं ओटा बांधून देईन. तुम्ही बसवलाय तिथंच, उंचावर.