मुशीत गेलेली चार नाणी

बुलढाण्याकडच्या धाड गावच्या बाजारात गफ्फारभाई तीस वर्षं चांदी गाळत होते. बीटी कपाशी नवी होती तेव्हा बाया तोडे घडवायला यायच्या. पुढं लाल्या रोगानं तीच पऱ्हाटी करपायला लागली, तशा त्याच बाया तेच तोडे मोडायला आल्या. गफ्फारभाई कुणाला काही विचारत नसत. मूस तापवायची, माल टाकायचा.

एका उन्हाळ्यात सत्यभामाबाई आल्या. बांध नीट करताना त्यांच्या कुदळीनं एक मडकं फुटलं होतं. पदरात त्यातून निघालेले, काळे पडलेले चौदा पातळ तुकडे. चार तसेच मुशीत गेले. पाचव्याला माती फार, म्हणून गफ्फारभाईंनी तो चिंचेच्या पाण्यात घासला आणि त्यांचा हात थांबला. अक्षरं अरबी होती. वळण अनोळखी, अक्षरांवर नुक्त्यांची टिंबं नाहीत. पण लहानपणी मशिदीत शिकलेला कलमा त्यांना ओळखता आला.

"बाई, हे गाळायचं नाही."

"काऊन? चांदी नाही काय?"

"चांदीच हाय. पण दूरदेशचं नाणं हाय. जाणत्या माणसाले दाखवू."

"सरकारले समजलं तं वावर जाईल माह्यं. अन् बियाणं कशानं घेऊ?"

गफ्फारभाई नुसते आत-बाहेर करत राहिले. शेवटी त्यांची बायको जहांआरा हिनं गळ्यातली चांदीची हसली काढून बियाण्यासाठी बाईंच्या हातात ठेवली. मग कुठं गफ्फारभाई आणि बाई उरलेली नाणी घेऊन एसटीनं बुलढाण्याला गेली.

कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांनी भिंग लावून पाहिलं. "अकराशे वर्षांपूर्वीचं, अरबांचं. अरब व्यापारी समुद्रमार्गे किनाऱ्यावर यायचे. त्यांचं नाणं इतकं आत सापडणं म्हणजे इथवर व्यवहार होता, याचा पुरावा. सगळी एवढीच?"

"चौदा होती. चार मी गाळली."

सरांचं लिहिणं थांबलं. "त्यांच्यावर साल, टाकसाळीचं गाव काय होतं?"

"पाह्यलंच नाही, सर."

सरांनी तहसीलदारांना कळवलं, पंचनामा झाला. नाणी सरकारजमा झाली. बाईंचं वावर गेलं नाही. बांधावरच्या सरकारी खोदकामापायी पेरणी तेवढी आठ दिवस लांबली.

गफ्फारभाईंचं चित्त मात्र थाऱ्यावर आलं नाही. तीस वर्षांत आणखी काय काय वितळवलं असेल? दुकान अर्ध्यावर टाकून ते खेडोपाडी जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात उभे राहायला लागले.

"आक्का, तुम्ही आणलेलं ते जुनं चांदीचं, वावरात सापडलं होतं काय? कोन्त्या बांधाले?"

बहुतेकींना आठवत नसे. एखादी हात करून दाखवायची, तिकडं ते मातीत आणखी काही उरलंय का पाहायला चालू लागायचे.